बोट एका बाजूला ओढते? पंख्याच्या वरची छोटी पट्टी बघा

नवी बोट घेतली की पहिल्या महिन्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: "डावा खांदा भरून येतो." कारण साधं आहे. स्टेअरिंग बहुतेक बोटींत उजव्या बाजूला असतं, उजवा हात थ्रॉटलवर असतो आणि चाक एकट्या डाव्या हाताच्या भरवशावर राहतं. त्यात बोट सतत उजवीकडे ओढत असेल तर तो हात तासभर एकाच दिशेला ताण देत बसतो. लोकांना वाटतं बोट चालवायची म्हणजे असंच असतं, सवय होईल. तसं अजिबात नाही. ओढ असेल तर तिला कारण असतं, आणि बऱ्याचदा ते एक बोल्ट सैल करून दूर होतं.

हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. आमची एकोणीस फुटी फायबरची बोट, मागे ६० एचपीचं एकच ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेलं इंजिन), केबलचं स्टेअरिंग. तारकर्ली-देवबागच्या बाजूला कर्ली नदीत आणि हवा असेल तेव्हा बाहेर मालवणपर्यंत चालवायची. एका पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंग करून बोट पाण्यात घातली आणि पहिल्याच फेरीत चाक जड. सरळ जायचं तरी डावीकडे जोर लावून धरायचं. आम्ही दोष दिला केबलला. नवी केबल आणली, बसवली, ओढ होती तशीच. तीन आठवड्यांनी किनाऱ्यावर इंजिन वर उचललेलं असताना एका म्हाताऱ्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य चालक) पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वरच्या जागेला हात लावून विचारलं, "हंयसरची शेपटी खंय गेली?" सर्व्हिसिंग करताना माशाच्या शेपटीसारखी पट्टी काढून तिथे सपाट गोल झिंक बसवलं गेलं होतं. झिंक म्हणून ते बरोबरच होतं, गंज रोखत होतं. पण ती शेपटी नुसती झिंक नसते, ती चाक हलकं करायचं काम करते. नवी पट्टी बसवून नीट वळवली आणि त्याच दिवशी दोन बोटांनी चाक धरून परत आलो.

त्या शेपटीलाच ट्रिम टॅब म्हणतात. नव्या माणसाने ती कशी वापरायची ते पायरी-पायरीने सांगतो. आधी एक घोळ मिटवू.

'ट्रिम' हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी

पहिली गोष्ट इंजिनाचा ट्रिम. इंजिन ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या ज्या मागच्या उभ्या भिंतीला ते अडकवलेलं असतं तिच्यापासून, थोडं बाहेर किंवा आत झुकवणं. मोठ्या इंजिनाला यासाठी थ्रॉटलच्या मुठीवर बटण असतं. लहान इंजिनाला ब्रॅकेटमध्ये ओळीने भोकं असतात आणि त्यांतल्या एकात आडवी पिन घातलेली असते.

दुसरी गोष्ट इंजिनावरचा ट्रिम टॅब. पंख्याच्या बरोबर वर जी आडवी सपाट प्लेट असते, जिला आपल्याकडे सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, तिच्या खालच्या अंगाला एका बोल्टने धरलेली ही पट्टी. तळहाताएवढी किंवा त्याहून लहान. चाकावरची ओढ कमी करणं हे हिचं काम.

तिसरी गोष्ट बोटीचे ट्रिम टॅब. ट्रान्समच्या तळाशी डावी-उजवीकडे बसवलेल्या दोन स्टीलच्या पट्ट्या, बटण दाबल्यावर खाली-वर होणाऱ्या. या बोटीचा कल आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची बदलतात. लहान बोटींना त्या बहुतेकदा नसतात.

गॅरेजमध्ये कुणी "ट्रिम बिघडलाय" म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारा: तिघांतला कुठला? आमच्यासारखी केबल फुकट बदलायची वेळ येणार नाही.

ओढ येते कुठून

एका इंजिनाच्या बोटीचा पंखा साधारणपणे उजवा असतो. म्हणजे मागून पाहिलं तर पुढे जाताना तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे त्याच्या उजव्या अंगाची पाती वरून खाली येतात आणि डाव्या अंगाची खालून वर जातात. पंख्याचा दांडा पाण्याच्या प्रवाहाला अगदी समांतर असेल तर दोन्ही अंगांना सारखा जोर मिळतो. पण बोट वेग घेताना नाळ वर उचलते, मागची बाजू बसते, आणि दांड्याचं मागचं टोक खाली झुकतं. आता पाणी पंख्यावर थोडं तिरकं येतं आणि खाली येणाऱ्या उजव्या पात्यांना जास्त काम मिळतं. उजवं अंग जास्त ढकलतं म्हणून इंजिनाची मागची बाजू उजवीकडे सरकू पाहते आणि बोट उजवीकडे वळू लागते. तुमच्या हाताला जाणवते ती हीच ओढ.

इंजिन जास्त बाहेर झुकवलं तर गणित उलटतं. दांड्याचं मागचं टोक वर जातं, डाव्या अंगाला जास्त जोर मिळतो आणि ओढ डावीकडे लागते. यातून एक फार कामाची गोष्ट निघते. आत झुकवलं की उजवीकडे, बाहेर झुकवलं की डावीकडे, आणि मध्ये कुठेतरी अशी एक जागा असते जिथे चाक मोकळं होतं. ट्रिम टॅबचं काम ही मोकळी जागा तुमच्या नेहमीच्या वेगावर आणून ठेवणं एवढंच.

ते तो कसं करतो? टॅब म्हणजे इंजिनाला लावलेलं छोटं सुकाणू. त्याचं मागचं टोक उजवीकडे वळवलं की मागे धावणारं पाणी त्याच्या उजव्या अंगावर आपटतं आणि इंजिनाची मागची बाजू डावीकडे रेटतं. पंखा उजवीकडे रेटतो, टॅब डावीकडे रेटतो, दोन्ही एकमेकांना खातात. विमानाच्या मागच्या पंखांवर अशाच लहान पट्ट्या असतात आणि वैमानिकाच्या हातावरचा भार त्याच तऱ्हेने उतरवतात. अमेरिकी वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना या छोट्या पट्टीचं इतकं अप्रूप होतं की 'कॉल मी ट्रिमटॅब' हे शब्द त्यांच्या थडग्याच्या दगडावर कोरले आहेत.

पायरी १: बोट बांधलेली असतानाच चाक फिरवून बघा

इंजिन बंद, लेग (इंजिनाचा पंख्याकडचा खालचा भाग) पाण्यात. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इथेच जड लागत असेल तर टॅबला हात लावू नका. टॅबवर पाणी वेगाने धावतं तेव्हाच तो काम करतो, उभ्या बोटीत त्याचा काही संबंध नाही.

उभ्या बोटीत चाक जड असेल तर केबलला इंजिनाशी जोडणारी छोटी दांडी सोडवा आणि इंजिन हातांनी डावी-उजवीकडे ढकलून बघा. इंजिन सहज फिरलं तर अडचण केबलमध्ये आहे. इंजिनच अडखळलं तर ते ज्या खुंट्यावर फिरतं तिथलं ग्रीस सुकलं आहे. तिथे ग्रीसचे निपल असतात, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मरीन ग्रीस भरा. खाऱ्या पाण्यातल्या बोटीला हे वरचेवर लागतं. केबलच्या नळीत ग्रीस भरताना मात्र चाक फिरवून केबलची दांडी पूर्ण आत घ्या आणि मग भरा. दांडी बाहेर असताना ग्रीस कोंबलं तर ते आत अडकून चाक जाम होऊ शकतं, आणि ते नेमकं पाण्यात गेल्यावर कळतं.

हायड्रॉलिक स्टेअरिंग असेल तर चाक पिळपिळीत लागतं का बघा. लागत असेल तर तेलात हवा आहे. हायड्रॉलिकमध्ये पंख्याची ओढ हाताला जाणवत नाही, म्हणून टॅब चुकीच्या कोनात असला तरी कळत नाही. पण तो भार सील आणि सिलिंडर सोसत असतात, तेव्हा हायड्रॉलिकवाल्यांनीही टॅब बघायलाच हवा.

पायरी २: बोटीचा कल आणि पंखा

यात जास्त वेळ घालवायचा नाही, पण वगळायचंही नाही. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी, सगळं एकाच बाजूला असेल तर बोट कलते आणि ओढही बदलते. उजव्या पंख्याच्या प्रतिक्रियेने बोट आपोआप थोडी डावीकडे कलत असते. चालक उजवीकडे बसतो त्यात याचीही सोय आहे. नेहमीच्या प्रवासात जेवढी माणसं आणि जेवढं सामान असतं तेवढं घेऊनच चाचणी करा. रिकाम्या बोटीत जमवलेला टॅब सहा माणसं बसल्यावर पुन्हा चुकतो.

मग चावी काढून, इंजिन वर उचलून पंखा बघा. एखादं पातं वाकलं आहे का, कडा तुटल्या आहेत का. पंख्यामागे जाळ्याचा दोरा किंवा गरीची तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) गुंडाळली असेल तर ती काढा. आपल्या किनाऱ्यावर हे सारखं होतं, आणि तंगूस आत शिरली तर गिअरचं सीलही कापते.

आणि टॅब आहे ना, तेही बघा. काही इंजिनांना कंपनीकडूनच सपाट झिंक येतं, त्यांचा प्रश्न वेगळा. पण तुमच्याकडे शेपटी होती आणि आता नाही, किंवा झिजून अर्धी राहिली आहे, तर ओढीचं कारण सापडलंच.

पायरी ३: आधी इंजिनाचा ट्रिम जमवा

टॅबचा बोल्ट सोडायच्या आधी ही पायरी पूर्ण करायची. कारण वर सांगितलंच, इंजिन आत-बाहेर झुकवण्यानेच ओढ उजवी-डावी होते. कितीतरी लोक इंजिन पूर्ण आत घेऊन सुरुवात करतात आणि बोट प्लेनवर आली, म्हणजे वेगात उचलून पाण्यावरून सरकू लागली, तरी तसंच ठेवतात. मग नाळ पाणी कापत राहते, चाक उजवीकडे ओढतं, पेट्रोल जास्त जातं आणि चालक दमतो.

बटण असेल तर असं करा. सुटताना इंजिन आत. बोट उचलून पाण्यावर सरकायला लागली की बटण थोडं थोडं दाबून बाहेर काढत जा. नाळ हलकी होईल, वेग किंचित वाढेल आणि एका जागी चाक मऊ लागेल. त्यापुढे आणखी बाहेर काढलं तर नाळ डुलायला लागते, घोड्यासारखी उचलून आपटते. ते सुरू झालं की थोडं परत आत या.

पिन असेल तर पिन कोणत्या भोकात आहे ते बघा. किनाऱ्यावर, इंजिन बंद करून एक भोक पुढे-मागे करा आणि पुन्हा फेरी मारा. एका वेळी एकच भोक.

इंजिन किती उंचीवर बसवलंय तेही डोळ्यांखालून घाला. सपाट जमिनीवर बोट ट्रेलरवर असेल तेव्हा बोटीच्या तळाला लांब सरळ फळी लावा आणि मागे कॅव्हिटेशन प्लेटपर्यंत न्या. बहुतेक बोटींत प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर असते. त्याहून फार वर असेल तर वेगात टॅब पाण्याबाहेर राहतो आणि तुम्ही तो कितीही वळवा, काही फरक पडत नाही.

पायरी ४: चाचणीची फेरी

ओढ मोजायची म्हणजे वारा, लाट आणि प्रवाह यांना मध्ये येऊ द्यायचं नाही. पहाटेची वेळ बरी, वारं उठायच्या आत. आम्ही कर्लीत करतो तेव्हा भरती संपून ओहोटी लागायच्या आधीचा तो थोडा वेळ गाठतो, जेव्हा पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. लांब सरळ पट्टा हवा आणि जाळी लावलेली नकोत. एक माणूस सोबत घ्या. तो पुढे नजर ठेवेल, तुम्ही हाताकडे लक्ष द्याल.

लाइफ जॅकेट दोघांनीही घालायचं. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. ही सूचना शोभेची नाही. ओढ असलेल्या बोटीत वेगात चाक हातातून सुटलं तर इंजिन क्षणात एका बाजूला पूर्ण वळतं, बोट गर्रकन फिरते आणि माणूस बाहेर फेकला जातो. मग रिकामी बोट पंखा फिरत असताना त्याच्याच भोवती गोल गोल फिरत राहते. दोरी अडकवलेली असेल तर इंजिन तिथेच बंद पडतं. चाकाऐवजी हातात टिलर (इंजिनालाच जोडलेला दांडा) धरून चालवणाऱ्यांनी तर ती दोरी कधीच सोडू नये.

म्हणून "चाक सोडून बघ, कुठे जाते ती" हा किनाऱ्यावर मिळणारा सल्ला ऐकू नका. चाक सोडायचं नाही. नेहमीच्या प्रवासाचा वेग धरा, आमच्या इंजिनावर तो चार हजार आरपीएमच्या आसपास येतो. समोर एक झाड, देऊळ किंवा टॉवर बघा आणि त्यावर नाळ धरा. आता बोटं चाकाभोवतीच ठेवून पकड हळूहळू सैल करा. चाक कोणत्या बोटांवर रेलतं? उजवीकडे जाऊ बघतं की डावीकडे? दोन्हीकडे किंचित वळवून बघा, कुठल्या बाजूला वळवायला सोपं जातं. मग वळून त्याच पट्ट्यात उलट दिशेने या आणि हेच पुन्हा करा. जाताना उजवीकडे आणि येताना डावीकडे ओढ लागली तर तो वारा किंवा प्रवाह आहे. दोन्ही वेळा उजवीकडेच लागली तर ती इंजिनाची.

पायरी ५: टॅब वळवा

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. बोट जिकडे ओढते, टॅबचं मागचं टोक तिकडेच वळवायचं. उजवीकडे ओढत असेल तर टोक उजवीकडे, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. डावी-उजवी ही नेहमी बोटीत बसून पुढे तोंड केल्यावरची. पहिल्यांदा करणारे किनाऱ्यावर इंजिनाच्या मागे बसून बोटीकडे तोंड करतात. तसं बसलात तरी तुमचा उजवा हात आणि बोटीची उजवी बाजू एकच राहते. पण बोटीच्या आतून, मागे तोंड करून वाकून बघितलंत तर बाजू उलटतात, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

आता हात घाला. इंजिन बंद, चावी खिशात, लाल दोरी काढलेली, इंजिन वर उचलून त्याचा आडवा टेकू लावलेला. टेकूशिवाय लेगखाली हात घालू नका.

टॅब आत्ता जिथे आहे तिथे प्लेटच्या कडेवर परमनंट मार्करने बारीक रेघ मारा. मग बोल्ट शोधा. काही इंजिनांत तो प्लेटच्या वरच्या बाजूने सरळ दिसतो. काहींत लेगच्या मागच्या अंगाला प्लास्टिकचं झाकण असतं, ते काढलं की आत खोल भोक दिसतं आणि लांब एक्स्टेन्शन लावलेला पाना आत घालावा लागतो. काहींत खालून ॲलन की लागते. खाऱ्या पाण्याने बोल्ट धरलेला असेल तर जोर लावून पिळू नका, ॲल्युमिनियममध्ये तुटला तर पुढचं काम फार वाढतं. गंज सोडवणारं तेल मारा, तासभर थांबा.

बोल्ट पूर्ण काढायचा नाही, टॅब हाताने जेमतेम वळेल एवढाच सैल करायचा. टॅबच्या बुडाशी बारीक दाते असतील तर तो एका दात्यावरून दुसऱ्यावर बसेल, तेवढ्यापुरता जरा खाली ओढावा लागतो. मागचं टोक तीन-चार मिलिमीटर सरकवा. ऐकायला कमी वाटतं, पण वेगात त्या पट्टीवरून पाणी मोठ्या जोराने जात असतं. नवी रेघ मारा, बोल्ट इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने घट्ट करा. टॅब हाताने हलवून बघा. वेगात टॅब आपोआप वळला तर स्टेअरिंग अचानक बदलतं, म्हणून ही खात्री दर वेळी करायची.

पुन्हा पाण्यात, तोच पट्टा, तोच वेग, तेवढीच माणसं. ओढ कमी झाली पण संपली नाही, तर आणखी तीन मिलिमीटर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर निम्मं परत. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. वाढली तर तुम्ही उलट बाजूला वळवलंय, पहिल्या रेघेवर परत या आणि नव्याने सुरू करा. एका फेरीत टॅबही वळवला आणि ट्रिमची पिनही बदलली, असं करू नका, मग कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

सगळ्या वेगांवर चाक मोकळं होईल अशी आशा मात्र धरू नका. टॅब एका वेगाला आणि एका ट्रिमला जमवलेला असतो. सावकाश जाताना किंवा पूर्ण थ्रॉटलला थोडी ओढ राहणारच. तुम्ही जास्तीत जास्त वेळ ज्या वेगाने जाता, तो निवडा. टॅब टोकापर्यंत वळवूनही ओढ जात नसेल तर पुन्हा पायरी ३ वर जा, मूळ अडचण तिथेच असते.

दोन इंजिनं असून त्यांचे पंखे एकमेकांच्या उलट फिरत असतील तर ओढ आपसातच मिटते आणि दोन्ही टॅब मधोमध ठेवतात. दोन्ही पंखे एकाच दिशेचे असतील तर दोन्ही टॅब सारखेच वळवायचे.

बोटीच्या ट्रान्समवरचे ट्रिम टॅब असतील तर

हे चालता-चालता वापरायचे असतात आणि नव्या माणसाची पहिली चूक इथे होते ती बटण धरून ठेवण्याची. पट्टी हलते आणि बोटीवर परिणाम दिसतो, यांत काही सेकंद जातात. त्या काळात बटण दाबून ठेवलं तर पट्टी नको तेवढी खाली जाते आणि मग माणूस उलट बटण धरतो. टिचकी मारल्यासारखं दाबा, सोडा, चार-पाच सेकंद बोटीकडे बघा, मग पुढची टिचकी.

उजवी पट्टी खाली गेली की ती बोटीची मागची उजवी बाजू वर उचलते आणि डावी बाजू खाली बसते. म्हणून बटणांवर पट्टीचं नाव नसतं, नाळेची बाजू असते. बहुतेक पॅनेलवर डावीकडचं बटण उजव्या पट्टीला जोडलेलं असतं, जेणेकरून डावं बटण खाली दाबलं की नाळेची डावी बाजू खाली यावी. पट्टीचा विचारच करू नका, नाळ कुठे हवी तेवढं ठरवा.

बोट प्लेनवर यायला वेळ लावत असेल तर दोन्ही पट्ट्या थोड्या खाली, आली की परत वर. एका बाजूला माणसं जास्त बसली तर कल काढायला एकच बाजू. समोरून छोट्या तुटक लाटा येत असतील तर नाळ जरा खाली, म्हणजे तिची धार लाट कापते आणि कंबर वाचते.

एका जागी मात्र चूक माफ नाही. लाट मागून येत असेल तर दोन्ही पट्ट्या पूर्ण वर. देवबागच्या संगमासारख्या नदीच्या तोंडातून आत शिरताना मागून लाट उचलते आणि बोट तिच्या उतारावरून खाली घसरते. त्या वेळी नाळ खाली दाबलेली असेल तर ती पुढच्या पाण्यात रुतते, पुढूनच सुकाणू धरल्यासारखी बोट वळू लागते, मागची बाजू लाटेबरोबर बाजूला फिरते आणि बोट लाटेला आडवी होते. आडवी झालेली बोट उलटायला दुसरी लाट पुरते. म्हणून तोंडाजवळ पोचायच्या आधी, सपाट पाण्यात असतानाच पट्ट्या वर घ्यायची सवय लावा. बटण शोधायला तिथे वेळ मिळत नाही.

रिव्हर्स घेतानाही पट्ट्या वर. नाहीतर मागे जाताना पाण्याचा सगळा दाब त्यांच्यावर आणि त्यांच्या दांड्यांवर येतो. जेट्टीला बोट बांधून ठेवतानाही वरच ठेवा, म्हणजे दांड्या आत राहतात आणि त्यांच्यावर शिंपले धरत नाहीत.

नव्याने बसवायच्या असतील तर मापाचा जुना अंदाज असा: बोटीच्या दर फुटाला प्रत्येक बाजूची पट्टी एक इंच रुंद. वीस फुटी बोटीला दोन्हीकडे साधारण वीस-वीस इंचांची.

राखण

इंजिनावरचा टॅब बहुतेक वेळा झिंकचाही असतो. तो स्वतः झिजतो आणि लेगचं ॲल्युमिनियम वाचवतो. म्हणून त्याला रंग लावायचा नाही. पावसाळ्याआधी बोट वर काढल्यावर लेगला रंग मारताना टॅबवरही एक हात फिरवण्याचा मोह होतो, तो टाळा. रंगाखालचं झिंक काम करत नाही आणि लेगला फोड येऊ लागतात. कायम गोड्या पाण्यात, धरणाच्या जलाशयात बोट असेल तर झिंकऐवजी त्या पाण्याला चालणाऱ्या धातूचा टॅब मागा, झिंकवर तिथे कवच धरतं आणि ते निकामी होतं.

टॅब निम्मा झिजला की बदला. झिजेल तशी त्याची पाणी ढकलायची ताकदही कमी होते आणि ओढ हळूहळू परत येते. इतकी हळूहळू, की हाताला सवय होऊन जाते आणि बोट दुसऱ्याने चालवायला घेतल्यावरच कळतं. बदलताना जुना काढण्याआधी तो कोणत्या कोनात आहे त्याचा मोबाइलवर खालून सरळ फोटो घ्या आणि प्लेटवर रेघ मारा. इंजिन सर्व्हिसिंगला देतानाही तसंच करा. गिअरबॉक्स उघडायला काही इंजिनांत टॅब काढावाच लागतो, कारण त्याच्याखाली एक बोल्ट लपलेला असतो, आणि परत बसवताना तो मधोमध सरळ बसवला जातो. इंजिन ताब्यात घेताना रेघ जुळते का ते तिथेच उभं राहून बघा. नाही जुळली तर पाना मागा आणि दुकानाबाहेर पडायच्या आधी जुळवून घ्या.